डॉ. सलीम अली आणि सुगरणीची पिल्लं



आपल्या पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी एक पक्षी अभयारण्य आहे. त्याला डॉ. सलीम अली यांचं नाव दिलंय. कोण होते हे सलीम अली?

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. पंख फुटायच्या आतच पिल्लू उघड्यावर पडलं म्हणा ना! पण मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी सलीमला आणि त्याच्या भावंडांना मायेनं वाढवलं.

लहानपणी सलीमनं छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! हा पक्षी कोणता? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी रागावण्याऐवजी पक्ष्यांचा संग्रह दाखवला. मारणारा हात तिथून हळूहळू अभ्यासाकडे वळला.

पुढे ते जर्मनीत पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले, तर नोकरीच उरली नव्हती! मग पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. पावसाळ्यात घराजवळ सुगरणींची वस्ती होती. सलीम अली तासन्‌तास ती बघत बसायचे.

त्यांना काय दिसलं? घरटं विणतो तो नर. ते अर्धवट झालं की मादी येऊन पाहते. पसंत पडलं तरच राहते, अंडी घालते. नर मात्र दुसरं घरटं विणायला लागतो. पिल्लांना भरवायचं काम मुख्यतः आईवरच पडतं. मोठ्या धीरानं त्यांनी हे शोधून काढलं.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९८७ मध्ये ते गेले.

मुलांनो, घरट्यातलं पिल्लू घरी आणायचा मोह होतो ना? आणू नका. बिनपिसांचं पिल्लू खाली पडलं असेल, तर मोठ्यांच्या मदतीनं अलगद घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल, तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळपासच असतात. मांजर-कुत्रं तेवढं हाकला आणि लांबून बघा.

सलीम अलीही सुगरणींना असेच बघत बसायचे.