जॉन न्यूटन: गुलामांच्या जहाजाचा कप्तान

जॉन न्यूटन याचा जन्म इ. स. १७२५ साली लंडन शहरी झाला. बाप जहाजाचा कप्तान असल्यामुळे बहुधा समुद्रावरच असे. मुलास वाढविले ते आईने. त्या भाविक बाईने चौथ्या वर्षीच त्यास वाचावयास शिकविले व शास्त्रवचने आणि गीते त्याजकडून मुखोद्गत करून घेतली. त्याने पुढे पाळक व्हावे अशी तिची मनीषा होती. परंतु तो सात वर्षांचाही झाला नव्हता तोच ती क्षयाने वारली. अकराव्या वर्षी तो बापाबरोबर समुद्रावर गेला आणि आईची शिकवण हळूहळू विसरला. देवधर्माची टवाळी करणे व इतरांचा विश्वास डळमळविणे यांतच त्यास पुरुषार्थ वाटू लागला.

१७४४ साली त्यास जबरदस्तीने आरमारात भरती करण्यात आले. तेथून तो पळाला, सापडला आणि त्यास सर्वांसमक्ष फटके मारण्यात आले. पुढे पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळील बेटावर, तो गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या पदरी राहिला. तेथे तो तापाने अंथरुणास खिळला असता मालकाच्या बायकोने त्याचे अतोनात हाल केले. घोटभर पाण्याचीही पंचाईत पडे. भुकेने व्याकूळ होऊन तो रात्री मळ्यातील कंद उपटून कच्चेच खाई. अशा वेळी त्याची कीव कोणास आली? साखळदंडांनी जखडलेल्या गुलामांस. आपल्या तुटपुंज्या अन्नातील घास ते चोरून त्यास आणून देत. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

बापाच्या सांगण्यावरून ग्रेहाउंड नामक जहाजाच्या कप्तानाने त्यास शोधून काढले. परतीच्या वाटेवर, १७४८ च्या मार्च महिन्यात, भर रात्री तुफान होऊन जहाज फुटले. आत मेण व हलके लाकूड भरले होते म्हणूनच ते तरंगत राहिले. न्यूटन तासन् तास पंपाने पाणी उपशीत होता. देवाची दया मागण्याचा शब्द तोंडून गेला, तेव्हा तो स्वतःच दचकला, कारण आपणासारख्यास दया कोठून, असे त्यास वाटले. पुढील चार आठवडे अन्न संपत चाललेले, जहाज मोडके. त्या दिवसांत तो नवा करार वाची, आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यात त्यास आपलीच कथा दिसली. आयर्लंडचा किनारा लागला तेव्हा शेवटचे अन्न चुलीवर होते.

हे चरित्र सांगणारे बहुधा येथेच थांबतात. परंतु खरी अवघड गोष्ट पुढेच आहे. तो शिव्याशाप देण्याचे सोडून प्रार्थना करू लागला, तथापि गुलामांचा व्यापार त्याने सोडला नाही. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांस जमवून उपासना चालवी, आणि त्याच फळ्यांखाली गुलाम बेड्यांत पडलेले असत. ज्यांच्या हातचा घास खाऊन तो जगला, त्यांचेच ते भाऊबंद! तेव्हा त्यास हे पाप वाटतच नव्हते. शेवटी समुद्र सुटला तोही आजाराच्या झटक्यामुळे.

पुढे त्याने लिव्हरपूल बंदरात जकात खात्याची नोकरी केली, आणि १७६४ साली ओल्नी गावी तो पाळक झाला. आईची इच्छा बत्तीस वर्षांनी पुरी झाली. ओल्नीच्या गोरगरिबांसाठी न्यूटनसाहेबांनी पुष्कळ गीते रचिली. अमेझिंग ग्रेस हे जगप्रसिद्ध गीत १७७३ च्या वर्षारंभीच्या उपदेशासाठी रचिलेले आहे. तरीही त्या व्यापाराविषयी जाहीर कबुली द्यावयास त्यांस आणखी पंधरा वर्षे लागली.

१७८५ साली विल्बरफोर्स नावाचा पार्लमेंटचा तरुण सभासद गुप्तपणे सल्ला घेण्यास लंडनास त्यांच्याकडे आला. राज्यकारभार सोडू नये, तेथेच देवाची सेवा करावी, असे साहेबांनी त्यास सुचविले. १७८८ साली त्यांनी स्वतः पुस्तिका लिहून गुलामांच्या व्यापारातील क्रौर्य उघड केले, आणि आपली कबुली फार उशिरा येत आहे हेही तीत मान्य केले. १७९० साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. आपल्याच पूर्वायुष्याविरुद्ध ती साक्ष होती.

१७, १८ वर्षांच्या झगड्यानंतर, १८०७ च्या मार्चमध्ये, तो व्यापार बंद करणारा कायदा मंजूर झाला. साहेबांची दृष्टी तोवर गेली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. आपल्या स्मृतिशिलेवरील लेख त्यांनी स्वतःच लिहून ठेविला होता. आपण एके काळी नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, हे त्यांनी त्यात प्रारंभीच लिहिले आहे.