वॉशिंग्टन यांच्या हिरड्यांचे दुखणे

ब्रिटिश फौजांना नमविणारे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२-१७९९) यांना दात आणि हिरड्यांच्या दुखण्यापुढे मात्र सतत माघार घ्यावी लागली. वयाच्या २४व्या वर्षी त्यांचा पहिला दात काढण्यात आला. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या तोंडात एकच नैसर्गिक दात उरला होता. दंतवैद्य जॉन ग्रीनवूड यांनी पाणघोड्याच्या दातापासून त्यांची कवळी घडविली आणि त्या एका दातासाठी तीत छिद्र ठेवले. १७९६मध्ये तोही दात गेला. कवळी लाकडाची होती, ही केवळ दंतकथा. कृष्णवर्णीयांचे ९ दात विकत घेतल्याची १७८४मधील नोंद मात्र त्यांच्या हिशेबवहीत आढळते. जड कवळ्यांच्या दाबाने हिरड्या सुजत, ओठ पुढे येत, बोलणेही कष्टाचे होई.

आज जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारता येतो. हा दात किडत नाही. परंतु त्याभोवती जंतूंचा थर साचल्यास हिरडी सुजते, रक्त येते आणि दुर्लक्ष झाल्यास आधाराचे हाडच झिजते. उपचार पालटले, तरी हिरड्यांची निगा चुकलेली नाही.