अंधाराचा नकाशा काढणारा गाईड

ट्रेकमध्ये गुहा दिसली की आपण काय करतो? मोबाईलचा टॉर्च लावतो, दोन सेल्फी काढतो आणि बाहेर पडतो. स्टीफन बिशपनं मात्र तेलाच्या दिव्यावर जवळपास वीस वर्षं एकाच गुहेत काढली. तीसुद्धा स्वतःच्या मर्जीनं नाही.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागात मॅमथ केव्ह आहे. जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा! १८३८ मध्ये फ्रँकलिन गोरिन या वकिलानं ती विकत घेतली आणि पर्यटकांना फिरवायला स्टीफनला तिथे आणलं. वय जेमतेम सतरा. ही काही नोकरी नव्हती, कारण स्टीफन गुलाम होता.

गुहेतली वाट तेव्हा एका खोल खड्ड्यापाशी संपायची. पुढे जायची कुणाची टाप नव्हती. पठ्ठ्यानं त्याच वर्षी तो खड्डा ओलांडला! पलीकडे नवे बोगदे सापडले, जमिनीखालच्या नद्या सापडल्या आणि त्यांत डोळे नसलेले मासेही. पर्यटक दिव्याच्या काजळीनं छतावर नावं लिहायचे. ती बघत बघतच तो अक्षरं शिकला, असं सांगतात.

१८३९ मध्ये डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली, आणि तिच्यासोबत स्टीफनलाही. १८४२ मध्ये क्रोगन यांच्या घरी बसून त्यानं निव्वळ आठवणीवर अख्ख्या गुहेचा नकाशा काढला. १८४५ मध्ये तो छापला गेला, तोही स्टीफनच्या नावानं. गुलामाला श्रेय मिळणं त्या काळात फारच दुर्मीळ होतं.

म्हणजे बघा, आत शिरलं की बड्या बड्या पाहुण्यांचा जीव त्याच्या हातात असायचा. बाहेर आलं की तो पुन्हा कुणाची तरी मालमत्ता.

क्रोगन १८४९ मध्ये क्षयानं गेले. आपल्या गुलामांना सात वर्षांनी मुक्त करावं, असं त्यांच्या मृत्युपत्रात होतं. त्याप्रमाणे १८५६ मध्ये स्टीफन स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. चाळिशीही गाठली नव्हती. गुहेजवळच त्याला पुरलं, पण कित्येक वर्षं कबरीवर साधा दगडही नव्हता.

काजळीनं लिहिलेलं त्याचं नाव मात्र गुहेत आजही दिसतं. पुढच्या ट्रेकला वाट दाखवणाऱ्या दादाचं नाव विचाराल ना?