कस्तुरबा : एक वर्षाच्या कराराची दुसरी बाजू

व्यापारानिमित्त परदेशी निघालेल्या गृहस्थाला निरोप देण्याचे प्रसंग आपल्या समाजाला नवीन नाहीत. हार घातले जातात, श्रीफळ हाती दिले जाते. उंबरठ्याच्या आत उभ्या राहिलेल्या गृहिणीची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. पूज्य कस्तुरबा गांधी यांचे चरित्र मी पुनःपुन्हा वाचले ते या न झालेल्या नोंदीसाठी.

कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील गोकुळदास मकनजी हे तेथील प्रतिष्ठित व्यापारी. आडनाव कापडिया. चाळीस वर्षे कापडाच्या गाठी उलगडणाऱ्या माझ्यासारख्यास त्या नावातच आपलेपणा वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. बालवयातच त्यांचा विवाह मोहनदास गांधी यांच्याशी झाला. पहिले अपत्य काही दिवसांतच गेले. १८८८ मध्ये हरिलालचा जन्म झाला आणि मूल काही महिन्यांचे असतानाच पती बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले.

त्या प्रस्थानाशी आपल्या धर्माचा संबंध आहे. मातोश्री पुतळीबाई यांचे मन धजेना, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन मुनींनी तरुण मोहनदासांना मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा दिली आणि मातेने अनुमती दिली. या घटनेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. प्रतिज्ञा झाली ती मातेच्या समाधानासाठी. तिच्यातील तिसऱ्या कलमाशी ज्यांचा सर्वात निकटचा संबंध होता, त्या एकोणीस वर्षांच्या पत्नीचे मत कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. खर्चासाठी तिचे दोन-तीन हजारांचे दागिने विकण्याचा विचारही झाला होता. मुंबईत मोढ वणिक ज्ञातीच्या शेठांनी समुद्रगमनाबद्दल मोहनदासांना बहिष्कृत केले आणि त्यांना निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोट सुटली. या बहिष्काराचा चटका पुढे बांच्या माहेरालाच बसला. जावई परत आल्यावरही त्याला सासुरवाडीत उघडपणे पाणी देण्याची सोय राहिली नाही. घरचे लोक चोरून द्यायला तयार होते, पण तसे घेणे मोहनदासांना मान्य नव्हते.

१८९१ च्या जुलैमध्ये ते परतले. मुंबईत वकिली चालेना. राजकोटला अर्ज लिहून देण्याच्या कामात महिन्याला सरासरी तीनशे रुपये मिळू लागले, परंतु काठियावाडच्या संस्थानी कारस्थानांना ते विटले होते. अशा वेळी दक्षिण आफ्रिकेत मोठा कारभार असलेल्या दादा अब्दुल्ला यांच्या पोरबंदरच्या मेमण पेढीकडून बोलावणे आले. चाळीस हजार पौंडांचा दावा चालू होता. मुदत फार तर एक वर्ष, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, राहण्याजेवणाचा खर्च आणि १०५ पौंड. घासाघीस न करता त्यांनी ते स्वीकारले. हे बॅरिस्टराचे जाणे नसून पेढीच्या नोकराचे जाणे होते, असे त्यांनीच पुढे मान्य केले आहे.

एप्रिल १८९३ मध्ये ते निघाले तेव्हा दुसरा मुलगा मणिलाल सहा महिन्यांचाही झाला नव्हता. विलायतेहून आल्यावर पतिपत्नींचा सहवास जेमतेम जुळत आला होता. वर्षभरात पुन्हा भेट होणारच, एवढे आश्वासन देऊन त्यांनी पत्नीची समजूत घातली. बांना लिहितावाचता येत नव्हते. मुलांना शिकवावे तसे पत्नीस शिकवण्याचे पतीचे प्रयत्न फसले होते. त्यामुळे परदेशातून पत्र आले तरी ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्याखेरीज गत्यंतर नव्हते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना या गोष्टीचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

ज्या कामासाठी ते गेले ते काम उत्तम पार पडले. दावा लवादाकडे गेला, प्रतिपक्षाने ३७ हजार पौंड आणि खर्च द्यावा असे ठरले आणि ती रक्कम हप्त्यांनी घेण्यास दादा अब्दुल्लांना राजी करण्यात आले, म्हणजे हरलेल्या पेढीचेही दिवाळे निघाले नाही. व्यापाऱ्याने मनात जपून ठेवावा असा हा निवाडा. परंतु निरोपसमारंभाच्या वेळीच हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाची बातमी हाती आली आणि मुक्काम लांबला. वर्षाची तीन वर्षे झाली. राजकोटच्या एकत्र कुटुंबात दोन मुले सांभाळीत बांनी ती काढली.

१८९६ मध्ये पती त्यांना नेण्यासाठी आले. दादा अब्दुल्लांच्याच ‘कुरलँड’ बोटीने सर्वांनी प्रस्थान ठेवले. सुधारलेले दिसावे म्हणून बांना पारशी पद्धतीची साडी, पायमोजे आणि बूट घालावे लागले. पोरबंदरच्या कापडियांच्या लेकीला वस्त्र कसे नेसावे हे पतीने शिकवावे, यातील विसंगती माझ्या नजरेतून सुटत नाही. १८ डिसेंबरला डर्बन दिसले, पण गांधींवर खवळलेल्या गोऱ्यांच्या विरोधामुळे बोट १३ जानेवारी १८९७ पर्यंत अडवून धरण्यात आली. बा त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना आणि मुलांना गाडीने पारशी रुस्तमजींच्या घरी पोहोचवले. मागून पायी येणाऱ्या पतीला जमावाने मारहाण केली. सायंकाळी जमावाने त्याच घराला वेढा घातला, तेव्हा पोलीस अधिकाऱ्याच्या सल्ल्याने गांधी शिपायाच्या वेषात निसटले आणि बा मुलांसह आत राहिल्या.

१९०१ मध्ये परततेवेळी लोकांनी भेटी दिल्या. त्यांत बांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. सर्व ऐवज सार्वजनिक न्यासाला द्यावा असा गांधींचा निश्चय. बांनी सुनांसाठी तो मागितला, अश्रू ढाळले आणि हेही विचारले की तुमच्या सेवेत माझी सेवा नाही काय? रात्रंदिवस तुमच्या घरी राबले ते कोणाच्या खाती? शेवटी न्यास झाला, आणि तो योग्यच झाला. परंतु निव्वळ हिशेबाच्या दृष्टीने पाहता बांची मागणी रास्त होती असे मला वाटते.

येथे श्रीमद् राजचंद्रांची आठवण होते. ग्लॅडस्टन यांच्या पत्नी पार्लमेंटातही पतीसाठी स्वतः चहा करीत, याची गांधींनी प्रशंसा केली, तेव्हा श्रीमदांनी प्रश्न केला की तीच सेवा बहिणीने वा नोकराने केली असती तर तिचे मोल अधिक की कमी? गांधींना तो प्रश्न कठोर वाटला, पण तो त्यांच्या मनातून गेला नाही.

१९०२ अखेर पुन्हा आफ्रिकेचे बोलावणे आले. अंदाज पुन्हा निदान वर्षभराचाच होता. बा आणि मुले मुंबईत राहिली आणि काही काळाने तिकडे गेली. पुढे १९१३ मध्ये तेथील न्यायालयाने ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह अवैध ठरवले. आपण धर्मपत्नी उरलो नाही हे कळताच बा सत्याग्रहात उतरल्या आणि त्यांनी तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा भोगली. या वेळी घराबाहेर पडणाऱ्या त्या होत्या.

१९१५ मध्ये पतिपत्नी स्वदेशी परतले. पुढील चळवळी वाचकांना ठाऊक आहेत. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक होऊन बा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाल्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, पतीच्या मांडीवर त्यांनी देह ठेवला. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांना नेसवलेली साडी गांधींनी स्वतः कातलेल्या सुताची होती. चिता पूर्ण जळेपर्यंत ते तेथून हलले नाहीत. महादेवभाई देसाईंच्या समाधीशेजारी बांची समाधी आहे.