आनंदीबाईंचा पहिला हिवाळा

४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात एका बोटीतून नऊवारी नेसलेली, अठरा वर्षांची एक मराठी मुलगी उतरली. सोबत नवरा नव्हता, भाऊ नव्हता की गावचे कोणी माणूस नव्हते. तिला उतरवून घ्यायला आलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी तिची ओळख होती ती केवळ पत्रांतून. मुलगी होती आनंदीबाई गोपाळराव जोशी. पुढे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना झाली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु अमेरिकेतील त्यांचे पहिले वर्ष कसे गेले, याविषयी फारसे बोलले जात नाही.

आनंदीबाई मूळच्या कल्याणच्या जोशी घराण्यातील. ३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस, माहेरचे नाव यमुना. आज पालघर जिल्ह्यात असलेला केळवे-माहीम, डहाणूचा किनारा त्या काळी कल्याणसह ठाणे जिल्ह्यातच मोडत असे, आणि नवव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न उरकून टाकणे ही कल्याणची काय किंवा केळव्याची काय, सर्वत्रचीच रीत होती. यमुनेचेही नवव्या वर्षी लग्न झाले. वर गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि त्यासाठी तिच्यावर हात उगारण्यासही ते कचरत नसत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला व अवघ्या दहा दिवसांत तो गेला. स्त्री डॉक्टर असती तर, हा विचार त्यांच्या मनात तेव्हाच रुजला असे मानले जाते.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. त्याने धर्मांतराचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई एकदा दंतवैद्याकडे गेल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. दूरदेशीच्या त्या मुलीविषयी त्यांना कळवळा वाटला आणि पत्रे सुरू झाली. योगायोग म्हणावा तो असा!

अमेरिकेला निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी तेथे सांगून टाकले. टीकाकारांची तोंडे बंद करण्यासाठी हे आवश्यकच होते. मात्र फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात या शब्दाची किंमत काय पडेल, याची कल्पना सभागृहात कोणाला असणे शक्य नव्हते. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले. जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासात सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या, आणि धर्माचा विषय तेथेही सुटला नाही.

रोझेलचे चार महिने मात्र सुखाचे गेले. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. त्या घरातील मुलींना त्यांनी साड्या नेसविल्या, आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून पाहुण्यांना जेवू घातले. परक्या घरात आश्रित म्हणून न राहता त्यांनी आपले थोडेसे घर तेथे मांडले, असेच म्हणावे लागेल.

ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५० साली स्थापन झालेली, खास स्त्रियांना वैद्यक शिकविणारी ही संस्था. तिच्या डीन रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही. अभ्यासाची अडचण आनंदीबाईंना फारशी पडली नसावी. अडचण होती ती खोलीची. विस्तव पेटवावा तर खोलीभर धूर, न पेटवावा तर हाडे गोठविणारी थंडी. मांसाहार वर्ज्य. ज्या देशात हिवाळाभर माणसे मांसावर निभावतात, तेथे ही शाकाहारी मुलगी पुरेसे जेवणार कशी? त्यात नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडत. अखेर त्या गुजराती पद्धतीने, पाऊल झाकेल अशी साडी नेसू लागल्या. नेसण्याची पद्धत बदलली, साडी सोडली नाही. शब्दही राहिला आणि अंगही थोडे झाकले गेले. पहिल्याच वर्षी त्यांना घटसर्पानेही गाठले.

या सर्वांहून जाचक होती ती घरून येणारी पत्रे. ज्या गोपाळरावांनी जगाशी भांडून पत्नीला परदेशी धाडले, तेच आता तिच्या वागण्याविषयी शंका घेऊन टोमणे मारू लागले. कपड्यांतील फरकाचाही खुलासा त्यांना द्यावा लागला. आणि येथेच आनंदीबाईंमध्ये झालेला बदल दिसतो. लहानपणी खाल्लेल्या माराची, फेकून मारलेल्या वस्तूंची आठवण त्यांनी नवऱ्याला पत्रातून स्पष्ट करून दिली. शिक्षणाबद्दलची कृतज्ञता त्यांनी नाकारली नाही. पण समोरासमोर जे बोलता आले नसते, ते समुद्रापलीकडून लिहिता आले. चरित्रे पदवीदानाच्या सोहळ्यापाशी रेंगाळतात. खरे तर रेंगाळावे ते या पत्रांपाशी.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एकाही रुग्णाला कोल्हापुरात त्यांचे औषध मिळाले नाही.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला, कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीतील जागेत ती ठेवण्यात आली. मावशीच्या घरच्या माणसांत आनंदीबाईंच्या नावाची शिळा तेथे आहे.