दरमहा पंचवीस रुपये

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतून जून महिना आला की दोनच विषय निघतात. मुलांच्या कॉलेजची फी कशी भरावयाची, आणि शिक्षण संपल्यावर मुलाखतीत त्यांचा निभाव कसा लागावयाचा. केंद्र सरकारच्या सेवेत बदल्यांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना आम्ही या दोन्ही चिंता वाहिल्या आहेत. निवड समितीत बसण्याचे प्रसंगही आमच्यावर आले आहेत. अशा वेळी आम्हांस डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे स्मरण होते. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांस वंद्य आहेतच. परंतु फीसाठी अडलेला विद्यार्थी आणि नोकरीच्या दारात उभा असलेला उमेदवार या नात्यानेही त्यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

बाबासाहेबांचा जन्मही महाराष्ट्राबाहेरचाच. वडील रामजी सुभेदार लष्करात असताना १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे ते जन्मले. पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले. सुभेदारांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे. पण मुलाने पुस्तक मागितले की प्रसंगी विवाहित लेकींचे दागिने गहाण ठेवूनही ते आणून देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले व एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरपर्यंत कशीबशी मजल गेली आणि पैसा संपला.

येथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक पुढे आले. बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पूर्वीच हेरला होता. त्यांनी भीमरावांस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे नेले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी नेमकी उत्तरे दिली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. मुलर नावाच्या प्राध्यापकांनी तर पुस्तके व कपडेही दिले. उत्तम वेश नव्हता, वशिला म्हणावा तर एका शिक्षकाच्या शब्दाचा. प्रभाव पडला तो तयारीचा.

बी.ए. होऊन १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरतेस वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते उतरले आणि गाडी चुकली. २ फेब्रुवारीस सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांस अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा, असा करार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी त्या पैशाचे अक्षरशः सोने केले. पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमविली, १९१५ मध्ये एम.ए. केले, व पुढील वर्षी ते लंडनला गेले. तेथील अभ्यास अर्धवट असतानाच मुदत संपली. १९१७ मध्ये परत यावे लागले, आणि पुस्तकांचा मोठा साठा महायुद्धात बोटीबरोबर बुडाला.

करारानुसार ते बडोद्यास गेले. महाराजांनी मोठ्या हुद्द्यावर नेमले, परंतु कचेरीने त्यांची पारख जन्मावरून आधीच करून ठेवली होती. शिपाई कागद दुरून फेकीत. पिण्यास पाणी मिळेना. राहावयास घर मिळेना, म्हणून एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. कोलंबियाचा हा पदवीधर दिवस मावळेपर्यंत सार्वजनिक बागेत बसला आणि मुंबईस परतला. तोंड उघडण्यापूर्वीच माणसाचा निकाल लावणारी अशी मुलाखत जगात दुसरी नसेल.

खचणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांवर ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रारंभी विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी विशेष आस्था नव्हती. अध्यापनाने ती निर्माण झाली. रमाबाईंनी काटकसरीने संसार चालविला. शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून एम.एस्‌सी., बॅरिस्टर व १९२३ मध्ये डी.एस्‌सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या.

स्वतः सोसलेले ते विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळावा असा त्यांनी आग्रह धरला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या १९४४ पासून सुरू झाल्या. १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ व १९५० मध्ये औरंगाबादेस पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले कॉलेज त्यांच्या प्रयत्नाने निघाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निर्वाण झाले.

मुलाखतीस जाणाऱ्या आपल्या मुलांनी या चरित्रातून तयारीचे महत्त्व घ्यावे, हे खरेच. पण मेजाच्या दुसऱ्या बाजूस बसणाऱ्या आम्हांसारख्यांना त्याहून मोठा धडा आहे. प्रत्येक मुलाखतीत उमेदवाराबरोबर विचारणाऱ्याचीही परीक्षा होत असते. सयाजीराव तीत उत्तीर्ण झाले, त्यांचीच कचेरी नापास झाली. आणि केळुसकरांपाशी संपत्ती नव्हती. त्यांनी फक्त दुसऱ्याच्या मुलाचा हात धरून त्यास योग्य दारापर्यंत नेले. आपल्या मंडळातील प्रत्येक घराने, मग तो मुलगा मराठी असो वा शेजारचा अन्यभाषी, एकाचा जरी असा हात धरला, तरी हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.