सर फ्रँक व्हिटल

डोक्यावरून जाणाऱ्या जेट विमानाचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. त्याच्या इंजिनांत आग धगधगत असते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या आगीस लागणारी हवा कोण पुरवितो, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तें काम कॉम्प्रेसरचें, म्हणजे हवा दाबून कोंडणाऱ्या यंत्राचें आहे. ज्या पुरुषानें त्यापायीं आपलें आरोग्य पणास लाविलें त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

फ्रँक व्हिटल याचा जन्म इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं १ जून १९०७ रोजीं झाला. बाप यंत्रकारागीर होता व त्याच्या लहानशा कारखान्यांत मुलाचे हात लवकरच काळे होऊं लागले. १९२३ मध्यें तो ब्रिटिश विमानदलांत शिकाऊ कारागीर होण्यास गेला, तों उंची अवघी पांच फूट म्हणून परत पाठविला गेला. नेमानें व्यायाम करून त्यानें तीन इंच उंची मिळविली; तरीही नकारच आला. तेव्हां तो सरळ नवा उमेदवार बनून पुन्हां हजर झाला आणि निवडला गेला. हें नियमास धरून होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या मुलाचा स्वभाव त्यांत दिसतो.

क्रॅनवेल येथें अभ्यास करून तो अधिकारीवर्गांत चढला. १९२८ मध्यें लिहिलेल्या प्रबंधांत त्यानें उंचावरील विरळ हवेंतून ताशीं ५०० मैल वेगानें जाणाऱ्या विमानाचा विचार मांडिला. त्या काळचीं लढाऊ विमानें याच्या निम्म्या वेगानेंही जात नसत. इतक्या विरळ हवेंत पंखा व नेहमीचें इंजिन दोन्हीं लंगडीं पडतात हें ओळखून पुढल्याच वर्षीं त्याचें लक्ष गॅस टर्बाइनकडे वळलें.

ती कल्पना जुनी होती. कॉम्प्रेसर हवा दाबतो. दाबलेल्या हवेंत तेल जळतें. तापून फुगलेला वायु टर्बाइनचें चाक फिरवितो. आणि त्याच दांड्यावर बसविलेला कॉम्प्रेसर त्यामुळें फिरत राहतो. यांतून जें उरेल तें आपलें. मेख येथेंच होती. हवा दाबण्याचें काम इतकें खर्चिक, कीं टर्बाइनची बहुतेक सारी कमाई कॉम्प्रेसरच खाऊन टाकी. चाकराचा पगार धन्याच्या उत्पन्नाएवढा व्हावा, तसा हा प्रकार होता.

व्हिटल यांनीं आपली योजना विमानखात्यापुढें ठेविली. ती तपासणारे डॉ. ग्रिफिथ सामान्य गृहस्थ नव्हते. कॉम्प्रेसरचीं पातीं विमानाच्या पंखासारखीं घडविलीं पाहिजेत, नाहीं तर हवा त्यांचा पाठपुरावा सोडून भरकटते, हें त्यांनींच १९२६ मध्यें दाखविलें होतें. त्यांस व्हिटल यांच्या हिशेबांत चूक आढळली आणि खात्यानें नकार कळविला. ग्रिफिथ यांस दोष देणें सोपें आहे; आम्ही देणार नाहीं. त्या दिवसांचीं यंत्रें पाहतां शंका रास्त होती. व्हिटल यांनीं जानेवारी १९३० मध्यें पेटंटचा अर्ज केला. परंतु १९३५ मध्यें तें चालू ठेवण्याचे पांच पौंड त्यांस देतां आले नाहींत, खात्यानेंही दिले नाहींत, आणि पेटंट गेलें.

पुढें दोन जुन्या सोबत्यांनीं भांडवल मिळविलें व १९३६ मध्यें पॉवर जेट्स ही कंपनी निघाली. सरकारी नोकर म्हणून व्हिटल यांस तिच्या कामासाठीं आठवड्यास सहा तासांची परवानगी होती! त्यांनीं निवडलेला कॉम्प्रेसर गोफणीच्या जातीचा होता. चाकाच्या मध्याशीं शिरलेली हवा पात्यांत सांपडून कडेस भिरकावली जाते. तेथें तिच्या अंगीं कांहीं दाब व पुष्कळ वेग असतो. मग रुंद होत जाणाऱ्या वाटांत तो वेग मंदावतो आणि त्याचाही दाब होतो. असल्या चाकांकडून तेव्हां अडीचपटीच्या आसपास दाब मिळे. व्हिटल यांनीं एकाच चाकाकडून चौपट मागितला. त्यासाठीं १९ इंच व्यासाचें, दोन्ही बाजूंनीं हवा घेणारें चाक मिनिटास १७,७५० फेरे फिरावयाचें होतें.

१२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथें इंजिन प्रथम चाललें, आणि लगेच बेफाम झालें. तेलाची चावी बंद केली तरी वेग वाढतच गेला. जवळचे कामगार पळाले. व्हिटल जागींच खिळून उभे राहिले. ज्वलनपात्रांत गळून सांचलेलें तेल जळत होतें हें नंतर उमगलें. पुढील वर्षें पैशाच्या ओढाताणींत आणि ज्वलनाच्या अडचणींत गेलीं. त्यांची प्रकृति कायमची ढासळली. जून १९३९ मध्यें खात्याच्या प्रमुख शास्त्रज्ञांनीं इंजिन वीस मिनिटें सुरळीत चालतांना पाहिलें, तेव्हां कोठें सरकारचें मन वळलें. १५ मे १९४१ रोजीं ग्लॉस्टर विमान त्यांच्या इंजिनावर १७ मिनिटें उडालें, तेंही क्रॅनवेलहून. जर्मनींत फॉन ओहाइन यांचें जेट विमान ऑगस्ट १९३९ मध्येंच उडालें होतें. दोघांस एकमेकांची वार्ता नव्हती. पुढें त्यांची मैत्री जडली व १९९१ मध्यें ड्रेपर पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें.

सरकारनें १९४४ मध्यें कंपनी ताब्यांत घेतली आणि व्हिटल यांनीं १९४६ मध्यें तिचें काम सोडलें. १९४८ मध्यें त्यांस 'सर' ही पदवी व एक लक्ष पौंडांचें बक्षीस मिळालें. आयुष्याचीं शेवटचीं वीस वर्षें त्यांनीं अमेरिकेंत घालविलीं आणि ऑगस्ट १९९६ मध्यें तेथेंच त्यांचा अंत झाला.

मोठ्या विमानांत मात्र ग्रिफिथ यांच्या पक्षाचा कॉम्प्रेसर विजयी झाला. नळकांड्यावर पात्यांच्या फिरत्या रांगा, त्यांच्यामध्यें स्थिर रांगा, आणि दर जोडीगणिक थोडा थोडा दाब, अशी त्याची रीत आहे. व्हिटल यांच्या जातीचें चाक अजून हेलिकॉप्टरांच्या व इतर लहान इंजिनांत काम करितें. १९३० च्या त्या पेटंटचा नकाशा काढून पाहिला, तर त्यांत मोठ्या चाकाच्या पुढें पात्यांच्या दोन रांगाही काढलेल्या दिसतात.